टीम इंडिया आणि आकड्यांचा खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गहुंजेला, म्हणजे पुण्याजवळच्या मैदानावर, सामना जाहीर झाला, की "तिकिटं कुठं मिळतील?" याच्या खालोखाल आम्हाला हेच प्रश्न येतात. तिकिटांबद्दल आम्हाला काहीही माहिती नाही. बाकीच्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला असेल, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकडे जाऊन वाचावं.

१. डेटा ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय? धावफलक तर पूर्वीपासून आहेच की.

धावफलक काय झालं ते सांगतो, कसं झालं ते सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मधली गहुंजेची कसोटी घ्या. पहिल्या डावात धावफलकावर नोंद आहे: कोहली, त्रिफळाचीत सँटनर, १. वाचणाऱ्याला वाटेल की चेंडू हातभर वळला असणार. प्रत्यक्षात तो खाली राहिलेला फुलटॉस होता आणि विराट आडव्या बॅटनं मारायला जाऊन चुकला.

विश्लेषक हाच चेंडू लिहितो तेव्हा त्यात बरंच काही येतं. गोलंदाज डावखुरा फिरकी, फलंदाज उजवा, टप्पा पडलाच नाही, दिशा स्टंपात, फटका लेगला आडवा, चेंडूवर ताबा नाही, परिणाम त्रिफळा. असे कसोटीत दोन हजारांच्या आसपास चेंडू पडतात. सगळे याच पद्धतीनं लिहून झाले, की "फिरकीवर आपण वळणाऱ्या चेंडूला बाद होतो की न वळणाऱ्या?" असा प्रश्न विचारता येतो. डेटा ॲनालिसिस म्हणजे हा प्रश्न विचारणं. चेंडू लिहिणं ही त्याआधीची हमाली.

२. ही सगळी माहिती येते कुठून?

दोन वाटांनी. एक वाट कॅमेऱ्यांची. मैदानाभोवती लावलेले वेगवान कॅमेरे चेंडूचा मार्ग टिपतात, त्यातून वेग, टप्पा, उसळी, स्विंग आणि वळण निघतं. हॉक-आय २००१ मध्ये इंग्लंडमध्ये टीव्हीवर आलं ते प्रेक्षकांसाठी. संघांना त्याचा उपयोग नंतर कळला.

दुसरी वाट माणसांची. फटका कोणता मारला, तो नीट बसला की नशिबानं वाचला, झेल सोपा होता की अवघड, हे आजही कुणीतरी माणूस पडद्यासमोर बसून नोंदवतो. दोन माणसं एकाच फटक्याला वेगळी नावं देऊ शकतात, हे आकडे वाचताना विसरू नये.

३. संघाचा ॲनालिस्ट दिवसभर करतो तरी काय?

टीव्हीवर लॅपटॉपमागे बसलेला दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा व्हिडिओ कापत असतो. बाद झालेला फलंदाज आत आल्यावर थोड्या वेळानं विचारणार, "दाखव रे." तेव्हा तो चेंडू आणि त्याआधीचे तसेच चार चेंडू तयार हवेत.

खरं काम मालिकेच्या आधी होतं. समोरच्या प्रत्येक फलंदाजाचा आणि गोलंदाजाचा अभ्यास करायचा, मैदानाचा इतिहास बघायचा आणि मग त्यातलं नव्वद टक्के फेकून द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. खेळपट्टीवर उभ्या फलंदाजाला वीस पानी अहवाल उपयोगाचा नसतो. "हा डावऱ्यांना राउंड द विकेट आला की तिसरा-चौथा चेंडू आत आणतो" एवढी एक ओळ त्याला पुरते. काही खेळाडूंना तीही नको असते आणि तो त्यांचा हक्क आहे.

४. जुन्या काळी हे काही नव्हतं, तरी जिंकायचेच ना?

जिंकायचे, आणि विश्लेषणही करायचे, फक्त ते डोक्यात असायचं. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिननं नाबाद २४१ केल्या. त्या दौऱ्यात तो ऑफ स्टंपबाहेर ड्राइव्ह मारताना बाद होत होता, म्हणून त्या डावात त्यानं कव्हर ड्राइव्ह हा फटकाच बाजूला ठेवला. निष्कर्ष काढून अंमलात आणण्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

लॅपटॉपचं म्हणाल, तर १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक बॉब वूल्मर तो घेऊन फिरायचे तेव्हा लोक गंमत म्हणून बघायचे. १९९९च्या विश्वचषकात भारताविरुद्ध होव्हला त्यांचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए वूल्मरच्या सूचना ऐकायला कानात इअरपीस घालून उतरला आणि सामनाधिकाऱ्यांनी तो काढायला लावला. आपल्याकडे जॉन राइट प्रशिक्षक असताना एस. रामकृष्णन यांच्यासारखे व्हिडिओ विश्लेषक संघासोबत दिसू लागले.

५. डेटामुळे भारत जिंकला असं एक तरी ठोस उदाहरण द्या. नुसतं "मदत होते" नको.

२०२०-२१चा ऑस्ट्रेलिया दौरा. गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण यांनी नंतर सांगितलं, की जुलै २०२० मध्येच मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्रींचा त्यांना फोन आला होता: ऑस्ट्रेलियाच्या धावांमधून ऑफ साइड काढून टाकायची. अभ्यासात दिसत होतं की स्टीव्ह स्मिथच्या बऱ्याच धावा कट, पुल आणि ऑफच्या बाजूच्या फटक्यांवर येतात. न्यूझीलंडनं त्याला अंगावर गोलंदाजी करून जखडलं होतं, ते ताजं होतंच. मग ठरलं की चेंडू स्टंपांच्या रेषेत टाकायचे आणि लेगला क्षेत्ररक्षकांची गर्दी ठेवायची.

ॲडलेडला स्मिथ १ आणि नाबाद १. मेलबर्नला पहिल्या डावात अश्विनच्या चेंडूवर लेग स्लिपला पुजाराच्या हातात झेल, शून्य. दुसऱ्या डावात बुमराहनं पायामागून त्रिफळा उडवला, ८. चार डावांत मिळून १० धावा. ॲडलेडला आपण ३६ वर आटोपून हरलो होतो आणि कोहली मायदेशी परतला होता. तरीही मेलबर्नला ८ गडी राखून जिंकलो त्यामागे ही योजना होती.

पण गोष्ट इथं संपवली तर ती अर्धवट सांगितल्यासारखी होईल. सिडनीला त्याच स्मिथनं १३१ आणि ८१ केल्या. चांगला खेळाडू योजना ओळखतो आणि तिच्यातून वाट काढतो, म्हणून योजनेला मुदत असते. दोन कसोटींपुरती ती चालली आणि मालिका २-१ अशी आपली झाली. एका चांगल्या अभ्यासाकडून यापेक्षा जास्त मागू नये.

६. "मॅच-अप" हा शब्द कॉमेंटरीत सारखा ऐकू येतो. म्हणजे काय?

कोणत्या प्रकारच्या गोलंदाजासमोर कोणता फलंदाज सोयीचा, ते जुळवणं. डावखुऱ्या संथ फिरकीपटूचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो आणि डावऱ्याकडे आत येतो. आत येणारा चेंडू लेगला उचलून मारणं तुलनेनं सोपं. म्हणून असा गोलंदाज चालू असला की डावऱ्याला वर पाठवतात.

२९ जून २०२४, बार्बाडोस, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. डावखुऱ्या केशव महाराजनं एकाच षटकात रोहित आणि पंतला बाद केलं होतं, भारत ३ बाद ३४. अशा वेळी पाचव्या क्रमांकावर आला अक्षर पटेल. ३१ चेंडूंत ४७. एका बाजूला उजवा कोहली, दुसऱ्या बाजूला डावरा अक्षर, त्यामुळे फिरकी कुणाकडून आणि कधी टाकून घ्यायची हे त्यांचा कर्णधार मार्करमला ठरवता येईना. कट्ट्यावर लोक याला "जुगार" म्हणाले. आम्ही म्हणणार नाही.

७. टीव्हीवर दाखवतात, "या गोलंदाजानं याला २० चेंडूंत ३ वेळा बाद केलंय." मग त्यालाच का आणत नाहीत?

कारण २० चेंडू म्हणजे फार काही नव्हे. जरा हिशेब करू. समजा, टी-२०त एक फलंदाज सरासरी २० चेंडूंमागे एकदा बाद होतो, गोलंदाज कुणीही असो. अशा फलंदाजाला एखाद्या गोलंदाजानं २० चेंडू टाकले आणि त्यात निव्वळ योगायोगानं तो तीन किंवा जास्त वेळा बाद झाला, याची शक्यता शंभरात साधारण सात-आठ निघते.

कमी वाटतं? आता आपले ८ फलंदाज आणि त्यांचे ६ गोलंदाज घ्या. जोड्या झाल्या ४८. म्हणजे कुणाचीही कुणावर खास पकड नसताना तीन-चार जोड्या "बकरा" म्हणून दाखवता येतील अशा निघतीलच. टीव्हीवाले नेमक्या त्याच शोधून काढतात. पडद्यावरची पट्टी भरायला तेवढं पुरतं.

म्हणून जाणता विश्लेषक नावांऐवजी प्रकार बघतो. "या गोलंदाजासमोर" ऐवजी "ताशी १४० किलोमीटरच्या पुढच्या आखूड टप्प्यासमोर" असं विचारलं, की २० चेंडूंचे पाचशे होतात आणि उत्तराला वजन येतं. दुसरी अट अशी की आकड्यामागे कारण दिसलं पाहिजे. तीनदा बाद झाला, त्यातला एक धावसंख्या फुगवताना सीमारेषेवर, एक अफलातून झेल आणि एक पंचांच्या कृपेनं, तर त्यातून शिकण्यासारखं काही नाही. तिन्ही वेळा आत येणाऱ्या चेंडूवर पॅड पुढं आणि बॅट मागं राहिली असेल, तर तीन प्रसंगही पुरे.

८. सरासरी, स्ट्राइक रेट, की आणखी काही? फलंदाज जोखताना बघायचं काय?

एकच आकडा सांगा असा हट्ट असेल तर उत्तर नाही. कसोटीत आम्ही आधी बघतो ते ताबा: किती चेंडूंवर फलंदाजाचा फटका त्याच्या मनासारखा बसला आणि किती वेळा चेंडू चकवून गेला किंवा कड घेऊन गेला. एखादा ८० करतो आणि दर चौथा चेंडू कडेला लागलेला असतो. दुसरा २५ वर छान खेळत असताना एका अप्रतिम चेंडूवर जातो. पुढच्या सामन्यासाठी आमची पसंती बहुधा दुसऱ्याला.

टी-२०त स्ट्राइक रेट प्रसंग सोडून वाचू नये. प्रश्न ६ मधल्याच सामन्यात कोहलीच्या ५९ चेंडूंत ७६. डाव चालू असताना "फार हळू" म्हणून कितीजण ओरडत होते! ३ बाद ३४ वरून एक टोक धरून संघाला १७६ पर्यंत नेणं आणि कोऱ्या पाटीवर पॉवरप्लेत मारणं ही वेगळी कामं आहेत. सामनावीर तोच ठरला.

९. "जिंकण्याची शक्यता ५ टक्के" दाखवतात आणि तोच संघ जिंकतो. मग हे गणित खोटं ना?

पाच टक्के म्हणजे शून्य नव्हे. शिवाजीनगरच्या वेधशाळेनं पावसाची शक्यता ९० टक्के सांगितली आणि छत्री कोरडी घरी आली, तर एका दिवसावरून अंदाज चुकीचा ठरत नाही. असे शंभर दिवस काढून त्यातले नव्वदच्या आसपास भिजले का ते बघायचं. सामन्याच्या अंदाजाची परीक्षाही अशीच घ्यायची.

पुणेकरांना जवळचं उदाहरण १५ जानेवारी २०१७चं. गहुंजेला इंग्लंडविरुद्ध ३५१ धावा हव्या होत्या आणि आपण ४ बाद ६३. कोणतंही गणित तेव्हा भारताच्या बाजूनं नसणार. मग कोहलीच्या १२२ आणि आपल्या केदार जाधवच्या ७६ चेंडूंत १२०, पायात गोळे येत असताना. ३ गडी राखून जिंकलो. उलटं उदाहरण बार्बाडोसचं: दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या आणि ६ गडी हातात. हरले ७ धावांनी. दोन्ही वेळा गणित बरोबर असू शकतं आणि निकालही.

त्या शेवटच्या ३० चेंडूंत एक शिकण्यासारखी गोष्ट होती. रोहितनं बुमराहला विसाव्या षटकासाठी राखलं नाही. सोळावं आणि अठरावं षटक देऊन संपवलं. त्या दोन षटकांत मिळून ६ धावा आणि एक बळी. सामना जिथं ठरतोय तिथं सर्वोत्तम गोलंदाज लावायचा, हे विश्लेषक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. शेवटच्या षटकापर्यंत थांबलं तर तोवर ठरवायला काही उरलेलं नसतं.

१०. डकवर्थ-लुईस हाही असाच अंदाज आहे का?

नाही. तो कोण जिंकणार हे सांगत नाही, पावसानं षटकं गेल्यावर लक्ष्य किती असावं ते सांगतो. उरलेली षटकं आणि हातातले गडी मिळून संघाकडे किती साधनसामग्री शिल्लक आहे, यावर तो चालतो. १९९७ पासून वापरात आहे. स्टर्न यांनी सुधारल्यावर नावात त्यांचीही भर पडली.

११. एवढा डेटा असूनही आपण गहुंजेला दोनदा कसे हरलो? (हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बहुधा रागानं.)

फेब्रुवारी २०१७: ऑस्ट्रेलियाकडून ३३३ धावांनी. स्टीव्ह ओकीफचे १२ बळी ७० धावांत, भारत १०५ आणि १०७. पहिल्या डावात शेवटचे ७ गडी ११ धावांत गेले. खेळपट्टीला सामनाधिकाऱ्यांनी "खराब" असा शेरा दिला. ऑक्टोबर २०२४: न्यूझीलंडकडून ११३ धावांनी. मिचेल सँटनरचे १३ बळी १५७ धावांत. घरच्या मैदानावर सलग १८ मालिका जिंकण्याची परंपरा इथं खंडित झाली.

आता या दोन गोलंदाजांकडे बघा. ओकीफ एकूण ९ कसोटी खेळला. सँटनरनं त्याआधी कसोटीच्या एका डावात ५ बळी कधी घेतले नव्हते. म्हणजे दोघंही समोरच्या संघातले धोकादायक समजले जाणारे गोलंदाज नव्हते, खेळपट्टीनं त्यांना धोकादायक केलं. खूप वळणाऱ्या खेळपट्टीवर चांगला आणि साधारण गोलंदाज यांच्यातलं अंतर कमी होतं. काही चेंडू वळतात, काही सरळ येतात आणि गोलंदाजालाही ठाऊक नसतं कोणता काय करेल. अश्विन-जडेजांचं कौशल्य हे आपलं भांडवल होतं, तेच आपण आखाडा बनवून स्वस्त केलं.

मधली २०१९ची कसोटी आठवा. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला बरी खेळपट्टी, कोहली नाबाद २५४, भारत ५ बाद ६०१, डाव आणि १३७ धावांनी विजय. जो संघ मुळात वरचढ आहे, त्यानं सामन्यात नशिबाचा वाटा वाढवू नये. हे विश्लेषणातलं अगदी पहिल्या धड्यातलं वाक्य. २०२४ला बंगळुरूत ४६ वर बाद होऊन आल्यावर घाईघाईनं तेच करायचा मोह झाला असावा, असं आमचं मत. मतच. तीन कसोटींवरून सिद्धांत मांडला तर प्रश्न ७ आमच्यावरच उलटेल.

१२. गहुंजेला टॉस जिंकला की कसोटी जिंकली, हे खरं का?

आजवरच्या तिन्ही कसोटींत खरं ठरलंय. तिन्ही कर्णधारांनी टॉस जिंकून फलंदाजी घेतली आणि सामनाही जिंकला. तीनदा नाणं उडवून तिन्ही वेळा छापा येण्याची शक्यता आठात एक असते, तेव्हा यावरून फार उड्या मारू नका. खेळपट्टी दुसऱ्या दिवसापासून फुटणार असेल तर आधी फलंदाजी बरी, एवढं मात्र आकडे नसतानाही कळतं.

१३. सामना चालू असताना ड्रेसिंग रूममधून कर्णधाराला सूचना देता येतात का?

पाणी घेऊन जाणारा बारावा खेळाडू निरोप नेतो, ते सगळ्यांनाच माहीत आहे आणि चालतं. फोन चालत नाही. भ्रष्टाचारविरोधी नियमांमुळे खेळाडू सामन्याआधी मोबाइल जमा करतात. २०१८ मध्ये लॉर्ड्सला पाकिस्तानच्या काही खेळाडूंना स्मार्ट घड्याळंही काढायला सांगितली होती.

नियमाच्या काठावरचा मामला डिसेंबर २०२० मध्ये केपटाऊनला झाला. इंग्लंडचे विश्लेषक नॅथन लीमन बाल्कनीतून "४ई", "२सी" असे संकेत लिहिलेले फलक दाखवत होते. कर्णधार ऑइन मॉर्गननं तसं ठरवूनच घेतलं होतं. सामनाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला नाही. आम्हाला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, पण ते नियमात बसत होतं.

डीआरएससाठी, म्हणजे पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागताना, मात्र बाहेरून मदत घेणं साफ बंद. गहुंजेच्या पराभवानंतरच्याच कसोटीत, मार्च २०१७ मध्ये बंगळुरूला, पायचीत दिल्यावर स्टीव्ह स्मिथनं ड्रेसिंग रूमकडे बघितलं आणि पंच मध्ये पडले. रिव्ह्यूसाठी मिळतात १५ सेकंद, आणि त्यात बोलायचं ते मैदानावरच्या लोकांशीच.

१४. हॉक-आय खरं सांगतं की अंदाज करतं?

चेंडू पॅडवर आदळेपर्यंतचं मोजमाप, पुढचा अंदाज. म्हणून तर "अंपायर्स कॉल" आहे. चेंडू स्टंपला जेमतेम चाटून जाणार असं दिसत असेल, तर अंदाजातली संभाव्य चूक लक्षात घेऊन मैदानावरचा निर्णय कायम ठेवतात. एकच चेंडू दोन पंचांकडे दोन निकाल देऊ शकतो याचा लोकांना राग येतो. पण यंत्राला नसलेली खात्री चिकटवण्यापेक्षा हे बरं.

१५. कर्णधाराच्या मनानं एक सांगितलं आणि आकड्यांनी दुसरं, तर?

कर्णधाराचं ऐकायचं. जबाबदारी त्याची किंवा तिची असते. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध महिला विश्वचषकाची अंतिम लढत. कर्णधार हरमनप्रीतनं अचानक शेफाली वर्माच्या हाती चेंडू दिला. शेफाली जखमी प्रतिका रावळच्या जागी संघात आलेली, ओळख सलामीच्या फलंदाजीची. कागदावर तिला त्या वेळी गोलंदाजी देण्याचं काहीच कारण नव्हतं. तिनं सुने लूस आणि मारिझान कॅप या दोघींना बाद केलं, फलंदाजीत ८७ केल्या होत्याच आणि भारत ५२ धावांनी जिंकला. मनाचा कौल होता असं हरमननं नंतर सांगितलं.

यावर "बघा, डेटाला काही अर्थ नाही" असे मेल लगेच आले. जरा थांबा. त्या "मनाच्या कौला"त कित्येक वर्षं नेट्समध्ये आणि सामन्यांत पाहिलेले हजारो चेंडू असतात, फक्त ते कुठल्या फाइलमध्ये नसतात. शिवाय जिच्याविरुद्ध फलंदाजांनी काहीच तयारी केलेली नाही अशी गोलंदाज आणणं, हा फायदा विश्लेषकालाही कळतो. केदार जाधवच्या खांद्याखालून येणाऱ्या चेंडूंनी चांगले चांगले फसायचे, ते याचमुळे.

१६. बुमराहला सारखी विश्रांती का? देशासाठी खेळायचं तर खेळायचं ना?

२०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यानं १५० च्या वर षटकं टाकून ३२ बळी घेतले आणि सिडनीच्या शेवटच्या डावात, जेव्हा सगळ्यात गरज होती तेव्हा, पाठीमुळे तो चेंडू हातात घेऊ शकला नाही. पुढची चॅम्पियन्स ट्रॉफीही हुकली. म्हणून सामने आणि सराव मिळून टाकलेले चेंडू मोजतात, जीपीएस बसवलेल्या बनियनमधून धावपळ मोजतात. या आठवड्याचा भार गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून बघतात. तो अचानक दीडपटीच्या वर गेला की धोका वाढतो असा ढोबळ संकेत आहे. त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत, पण बघणं कुणी सोडलेलं नाही.

२०२५ला इंग्लंडमध्ये तो ठरवून पाचपैकी तीनच कसोटी खेळला. आपण जिंकलो त्या दोन्ही कसोटी, एजबॅस्टन आणि ओव्हल, त्याच्याविना. यावरून "बुमराह नसला की भारत जिंकतो" असा शोध लावणाऱ्यांनी प्रश्न ७ दोनदा वाचावा.

१७. समोरच्या संघाकडेही हाच डेटा असतो. मग फायदा कुणाचा?

सामन्यांचा डेटा सगळ्यांकडे सारखाच, खरं आहे. वेगळं असतं ते घरातलं: नेट्समधली नोंद, कुणाचा खांदा दुखतोय, कुणी नवा चेंडू शिकतोय. आणि फरक पडतो प्रश्नांमुळे. स्मिथच्या धावा कुठून येतात हे सगळ्या जगाला दिसत होतं, पण ती बाजूच बंद करायचं धाडस आपण केलं. आमच्या मते डेटाचा सर्वात मोठा उपयोग संघनिवडीत आणि मालिकेआधीच्या तयारीत आहे. चालू सामन्यात कर्णधाराला आयत्या वेळी सुचवलेल्या गोष्टींचं कौतुक जरा जास्तच होतं.

१८. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, क्लबमध्ये जातो. त्याच्यासाठी ॲनालिसिसचं एखादं ॲप घ्यावं का?

नको. त्याला खेळू द्या. तो वेगवान गोलंदाज असेल तर एक वही घ्या आणि दिवसाला किती चेंडू टाकले ते लिहा. शाळा, क्लब आणि सोसायटीतलं क्रिकेट धरून. इंग्लंडच्या बोर्डानं १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली होती. आपल्याकडे शनिवार-रविवारी दोन-दोन सामने खेळवणारे पालक आम्ही पाहतो. त्या वहीचा उपयोग मुलापेक्षा त्यांनाच होईल.

१९. मी हिंजवडीत डेटावरच काम करतो, क्रिकेटचं वेड आहे. यात शिरायचं कसं?

पायथन, एसक्यूएल येत असेल तर अर्धं काम झालंय, पण तेवढं येणारे हिंजवडीच्या एका बसमध्ये चाळीस असतात. दुर्मीळ आहे तो चेंडू बघून ओळखणारा डोळा. तेव्हा आधी स्कोअरिंग शिका. बीसीसीआय आणि राज्य संघटना स्कोअररच्या परीक्षा घेतात. नेहरू स्टेडियमवर किंवा एखाद्या जिमखान्यावर क्लबचा सामना बघत दिवसभर प्रत्येक चेंडूचा टप्पा आणि फटका लिहून बघा. तिसऱ्या तासाला कंटाळा आला, तर हा धंदा आपला नाही हे फुकटात कळेल.

क्रिकशीट या संकेतस्थळावर हजारो सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदी मोफत मिळतात. त्यातून एक छोटा, नेमका प्रश्न सोडवा आणि एका पानात मराठीत लिहा, असा की प्रशिक्षकाला चहा पिता पिता वाचता येईल. मग क्लबकडे जा, तिथून महाराष्ट्र प्रीमिअर लीगच्या एखाद्या संघाकडे. पहिली काही वर्षं पैसे कमी आणि प्रवास जास्त. नोकरी लगेच सोडू नका.

२०. उद्याच्या सामन्यात कोण जिंकेल? टीम लावायची आहे, खात्रीचे अकरा सांगा ना.

सांगणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्यानं बंदी आली आहे आणि त्याच्या आधीही आम्ही सांगत नव्हतो. खात्रीचे अकरा आम्हाला माहीत असते तर आम्ही हे पान लिहीत बसलो नसतो. या विषयावरच्या मेलना उत्तर मिळणार नाही. दुपारी एक ते चारमध्ये फोन केलात, तर इतर विषयांवरही मिळणार नाही.